पिवळ्या निशाणाखालची आंब्याची कांडी

किमलांगच्या आईने जेवण टाकलं होतं, आणि तिला जे चालेल असं वाटायचं ते किमलांगला आधी स्वतः खाऊन बघावं लागत होतं. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांची ही बाई रोज संध्याकाळी थायलंडमधल्या त्रांग गावच्या बसस्टँडजवळच्या मोठ्या दुकानाबाहेर, प्लास्टिकच्या स्टुलावर, बर्फाच्या कांड्या चोखत बसलेली दिसायची. येणारे-जाणारे हसायचे. हसोत बापडे. दिवसभर कॉफीच्या दुकानात कॉफीबरोबर खायचं भाजलेलं डुक्कर तोडून तिचा खांदा कामातून गेलेला असायचा, पायांना सूज असायची आणि त्यात ही गोडाची शिक्षा.

आई, म्हणजे सिउएंग म्हातारी, चौऱ्याऐंशीची. गालात गाठ निघाली, रेडिएशन झालं, गाठ गेली आणि तोंड सोलून निघालं. गरम चालेना, तिखट चालेना, पेज घशाखाली उतरेना. थंड तेवढं थोडं सुसह्य व्हायचं. किमलांगने घरी शहाळ्याचं पाणी गोठवून पाहिलं. त्यातले बर्फाचे खडे फोडांना लागले तशी म्हातारी कळवळली. "काचा भरतेस का गं तोंडात?"

दुधाचं आइस्क्रीम गल्लोगल्ली मिळत होतं. पण म्हातारीने एक्कावन्न वर्षांत मांस, मासा, अंडं, दूध, कांदा, लसूण, काही म्हणून तोंडात घातलं नव्हतं. बाकीचं गाव हे व्रत वर्षातून नऊ दिवस करतं, पांढरे कपडे घालून मिरवतं आणि दहाव्या दिवशी डुकरावर तुटून पडतं. सिउएंगने ते सोडलंच नाही. किमलांग सात वर्षांची असताना तिच्या डोक्यात ताप शिरला होता आणि डॉक्टरांनी हात वर केले होते. आई नऊ देवांच्या देवळात गेली, कपाळ फरशीला टेकवलं आणि म्हणाली, हिला जगवा, मी जन्मभर पाळीन. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

देवांनी शब्द पाळला, आईने पाळला, आणि मधल्या मध्ये किमलांग आयुष्यभर गहाण पडल्यासारखी वाढली. आईचं व्रत मोडलं तर आपला जीव जाईल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ते धरलं होतं. हे बोलून दाखवायची तिला लाज वाटायची, आणि मनातून काही ते जायचं नाही. लग्नाची दोन स्थळं आली नि गेली. आईची चूल बाटू नये म्हणून कामावरून आल्यावर ती आधी न्हाणीत शिरायची, मग स्वयंपाकघरात. असं तीस वर्षं चाललं होतं.

तर कांड्या. व्रतवाल्यांसाठी हल्ली कंपन्या काय काय काढतात. मँगोस्टीनच्या फळाची कांडी म्हातारीने एकदा चोखली आणि परत दिली. "पाण्याला रंग फासलाय नुसता." दुरियनच्या कांडीवर म्हणाली, "ह्याने झाड तरी पाहिलंय का?" परदेशी बोरांचा महागडा डबा किमलांगला स्वतःलाच थंड साबणासारखा लागला, तो घरी गेलाच नाही. केळ्याची कांडी मात्र म्हातारीने बराच वेळ तोंडात धरली. किमलांग आशेने बघत राहिली. मग तो घास हळूच रुमालात आला.

"काय झालं आता?"

"चिकटतंय. शिळ्या माशासारखं."

"तुला काय माहीत शिळा मासा?"

"व्रताआधी खाल्लाय की भरपूर! तुझी आई काय जन्मतःच जोगीण होती?"

किमलांगला हसू आलं नाही. रागही आला नाही. ती इतकी दमली होती की उरलेली कांडी तिने उभ्या उभ्याच संपवली आणि भांडी घासायला घेतली.

मग नऊ दिवसांचा उत्सव लागला. दुकानातल्या फ्रीजरवर लाल अक्षराचं पिवळं निशाण लागलं. हे निशाण दिसलं की वस्तू व्रताची, मागे काय लिहिलंय ते बघायचं नाही, हे त्या गावात पोराबाळांनाही ठाऊक. किमलांगने निशाणाखालून आंब्याची कांडी उचलली. मऊ, घट्ट, एक खडा नाही. म्हातारीने ती अख्खी खाल्ली आणि वर काडीही चाटली. दुसऱ्या दिवशी दोन खाल्ल्या. सहा दिवसांत अकरा झाल्या. चेहऱ्यावर तरतरी आली, शेजारणीशी एक छोटंसं भांडणही झालं. त्या रात्री किमलांग कित्येक दिवसांनी सलग झोपली.

सातव्या दिवशी गल्ल्यावर फिकुन होती, तिची शाळेतली मैत्रीण. किमलांगच्या हातातली दोन खोकी बघून ती म्हणाली, "अगं, घरी पाहुणे आलेत का? आईला नाही ना ह्या?"

"आईलाच. निशाण आहे की."

"निशाण वरच्या कप्प्याला आहे, बाई. खालचा कप्पा नेहमीचाच. हे बघ." फिकुनने नख ठेवलं तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, दुधाची पावडर.

म्हणजे तो मऊपणा दुधाचाच होता. फिकुनला फार वाईट वाटलं. तिने वरच्या कप्प्यातली लक्ष्मणफळाची वाटी आपणहून पिशवीत टाकली आणि हळूच म्हणाली, "म्हातारीला कशाला सांगतेस? खातेय ना? गप्प बस."

गप्प बसायचं असं ठरवूनच किमलांग घरी आली. म्हातारी उशाशी टेकून वाट बघत होती. किमलांगने आंब्याची कांडी सोलली, पुढे केली, आणि मागे घेतली. अकरा कांड्या. अकरा वेळा. तिच्या तोंडातून निघून गेलं, "आई, ह्यात दूध आहे. आधीच्या सगळ्यांत होतं. मी बघितलं नाही."

म्हातारीने कांडीकडे पाहिलं. आंबा वितळून किमलांगच्या मनगटावर आला.

"कधी कळलं?"

"आत्ता. दुकानात."

"मग बोललीस कशाला, गधडे? खाल्लं असतं की मी. न कळत खाल्लं ते देव धरत नाहीत. आता कळलं. आता कशी खाऊ?"

फिकुनचं ऐकायला हवं होतं. आईसाठी सांगितलं असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. किमलांग जमिनीवर बसली आणि रडायला लागली. "मी घाबरले गं. तू देवाला शब्द दिलास तो माझ्या जिवासाठी. मला वाटलं, आता मी मरणार. तू उपाशी राहिलीस तरी चालेल, पण मी मरायला नको, असं आलं माझ्या मनात. अशी आहे मी."

म्हातारीने हात लांब करून तिचे केस कपाळावरून मागे सारले. तिचा चेहरा एकदम सैल पडला होता.

"खरंच घाबरलीस?"

"हो."

"बरं झालं बाई. तुझं तोंड बघून मला वाटायचं, माझं करता करता हिला जगणंच नकोसं झालंय. वाटायचं, देवाकडून उगीच मागून घेतलं पोरीला." तिने डोळे पुसले. "जगायचंय ना तुला? मग झालं तर. त्या पिशवीत काय आहे?"

"लक्ष्मणफळ. आंबट आहे ते, आई. झोंबेल."

"झोंबू दे. आण."

पहिल्या चमच्याला म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. किमलांगने वाटी मागे घेतली, तर म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा तोंड उघडलं.