पॅनलखालचा कापूस

शेलार गावातल्या एका कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावर मी सोलर पॅनल बसवले, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. मी जवळच्याच अंजूर गावची, आयटीआय करून या धंद्यात पडलेली. मालक वडिलांच्या ओळखीतले, म्हणून त्यांनी मुलीच्या हाती काम दिलं होतं.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "पोरी, पत्र्यावरनं धूर निघतोय. लवकर ये."

मी पोचले तेव्हा लूम बंद होते आणि कामगार गल्लीत उभे होते.

"मेन स्विच पाडला, तरी विझत न्हाय," मालक म्हणाले.

मी शिडी चढले. कारखान्यातून उडालेला कापूस पॅनलखाली बोटभर साचला होता आणि धुमसत होता. दोन वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, तिथून ठिणग्या उडत होत्या. पत्र्याखाली कोऱ्या कापडाचे तागे रचलेले. एक ठिणगी आत गेली असती तर संपलंच.

खालून एका कामगाराने पाण्याचा पाइप उचलला.

"पानी मत मारो!" मी किंचाळले. "धूप है तब तक इसमें करंट है!"

स्विच पाडला तरी ऊन थोडंच बंद होतं? मी खाली वाकून म्हणाले, "काका, पॅनल झाकायला पाहिजेत. जाड कापड द्या, अख्खा तागाच द्या."

"तयार माल हाय तो!" मालक म्हणाले खरे, पण पुढच्या क्षणी तागा खांद्यावर घेऊन स्वतःच शिडी चढू लागले. साठी ओलांडलेला माणूस.

"पत्रा सोसंल का मला?"

"स्क्रूच्या रांगेवरनं चाला. मध्ये पाय नको."

ठिणग्यांपासून लांबच्या बाजूने आम्ही कापड पसरलं. ठिणग्या चालूच. दुसरी घडी टाकली, तिसरी टाकली. चौथ्या घडीला ठिणग्या थांबल्या. मग कोरड्या बांबूने धुमसता कापूस ओढून काढला आणि त्यावर वाळू ओतली.

खाली उतरल्यावर मालकांनी विचारलं, "तुमच्या पुस्तकात हे न्हाय लिवलेलं?"

नव्हतं. पॅनलसोबत आलेल्या पुस्तकात महिन्यातून दोनदा काच पुसा, एवढंच होतं. काच लख्ख होती. खाली हात घालून मी कधी बघितलंच नव्हतं, आणि मी तर लहानपणापासून ही कापसाची धूळ खात वाढलेली.

"चूक माझी आहे, काका," मी म्हणाले.

नंतर मी पॅनलचा सांगाडा हातभर उंच केला, वायरी लोखंडी पाइपातून नेल्या, खालून बारीक जाळी लावली. दर शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा पॅनलखालून झाडू फिरवायचा, असं ठरलं. तरी तीन आठवडे मालकांनी जोडणी करू दिली नाही. मी रोज त्यांच्या फोनची वाट बघत होते. शेवटी एका सकाळी म्हणाले, "ये, जोड."

मी स्विच चढवला. लूम सुरू झाले. मालक मात्र संध्याकाळपर्यंत शिडीपाशी खुर्ची टाकून वर बघत बसले होते. मीही घरी गेले नाही.