बाबांचं बोट

बोर्डवरचा शॉर्ट शोधायला बाबांना कधी मीटर लागलं नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात ते बिघडलेल्या बोर्डला थोडा करंट द्यायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट एकेका पार्टवरून फिरवायचे. शॉर्ट झालेला पार्ट तापतो. बोट तिथे थबकायचं. "हा बघ चोर," म्हणायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, पण माझा भरवसा मीटरवर. त्यावरून रोज टोमणे. "मीटर म्हणजे चष्मा गं. आधी डोळे हवेत."

गेल्या उन्हाळ्यात बाबा दुकानापाशी स्कूटरवरून उतरले, तर एका पायात चप्पलच नाही. वारज्याहून येताना ती कुठेतरी पडली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी पोट धरून हसले. त्यांचा मधुमेह किती जुना आहे ते मला ठाऊक होतं, तरी हसले. आता लाज वाटते.

पुढे एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप आला. एकाच सप्लायला जोडलेले, बाजरीच्या दाण्याएवढे वीसेक कपॅसिटर तीन ओळींत, आणि त्यातला एक शॉर्ट झाला की मीटरच्या दोन पिना कुठेही टेकवा, ते सगळ्यांवर सारखंच वाजतं. चोर नेमका कोण, हे ते सांगत नाही. सकाळभर डोकं फोडून मी हात टेकले. बाबा वाटच बघत होते.

"सरका, मॅडम."

मी करंट दिला. बोट फिरू लागलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

"सगळं थंडगार आहे. करंट दिलायस ना नक्की?"

दिला होता. आकडा समोर दिसत होता. तेवढ्यात मला वास आला. सोल्डरिंगचा वास मी झोपेतही ओळखेन, हा तो नव्हता. कातडी जळत होती.

मी त्यांचा हात ओढला. बोटाच्या टोकावर पांढराफटक ठिपका उठला होता. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बोटाकडे.

"किती वेळ होतं गं तिथं?"

मी करंट बंद केला.

"काढ तो कपॅसिटर," म्हणाले आणि हात धुवायला मागे गेले. मी तो काढला. मीटर गप्प झालं, लॅपटॉप सुरू झाला. बोर्ड सुरू झाल्याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी कोथरूडच्या डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून पाहिली. बाबांनी डोळे मिटले होते, आणि दर वेळी ते विचारत होते, "टोचलंत का?" गेलेली जाणीव परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेली सांभाळा.

दुसऱ्या दिवशी ते पट्टी बांधून दुकानात आले आणि मीटर मागितलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी दोन्ही पिना त्यांच्या दोन हातांत दिल्या. डावी त्यांनी नीट बघून बोर्डवर टेकवली. तोवर उजवी निसटून टेबलाखाली लोंबायला लागली होती. रिकामी चिमूट तशीच बोर्डवर धरून ते कान देऊन बसले.

"वाजत का नाही गं?" म्हणाले.