मीटरपेटीवरची खडूची खूण

दिनांक २ मे २०२५. रुपये २,८४,६५०. किन्हवलीच्या माझ्या घराच्या दुरुस्तीची ही एकूण रक्कम. नवी फरशी, नवे वायरिंग, मागच्या पडवीला लोखंडी खांब आणि वर पत्रा. दहा दिवसांनी माझ्या मुलीची, रुपालीची हळद होती. बिले तारखेप्रमाणे लावून मी फाइल बांधत होतो, तेवढ्यात सौ. म्हणाली, "लग्नाआधी एकदा पांडूभावजींना घर दाखवा."

मला राग आला. शहापूरच्या एका पतसंस्थेत मी चौतीस वर्षे नोकरीला आहे. घरदुरुस्तीचे कर्ज घेणाऱ्यांची घरे मीच तपासतो आणि माझ्या सहीशिवाय शेवटचा हप्ता सुटत नाही. अडतीस प्रश्नांचा छापील तक्ता आहे, तोही मीच तयार केलेला. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मिळून दोनशे बारा घरे झाली. स्वतःच्या घराचा तक्ताही मी रीतसर भरून ठेवला होता.

"मग मी काय करतो?" मी विचारले.

"तुम्ही सही करता. ते बघतात."

पांडू आणि मी शाळेत एका बाकावर होतो. तो दहावीला गणितात दोनदा नापास झाला. मी कॉमर्सला गेलो, तो विजेच्या खांबांवर रोजंदारीने चढायला लागला. तेवीस वर्षे चढला, कायम झाला नाही. त्याची थोरली भावजय ओले कपडे वाळत घालताना तारेला चिकटून गेली. तेव्हापासून तो सायकलवर, आता जुन्या मोपेडवर, गावोगाव घरे तपासतो. दीडशे रुपये घेतो, नसतील तर नंतर घेतो. तपासून झाले की मीटरपेटीवर खडूने एक खूण आणि तारीख लिहितो.

ही खूण मला कुठे कुठे भेटली आहे! मुरबाडकडे आमच्या कर्जदार जानकीबाईंच्या घरी दिवाळीचा रंग काढला होता, पण खडू पुसू नये म्हणून मीटरपेटीभोवती वीतभर भिंत तशीच सोडलेली. माझ्या शिक्क्याच्या तक्त्याची प्रत मात्र तांदळाच्या डब्याच्या तळाशी अंथरलेली दिसली. "कागद जाड हाय साहेब, मुंग्या नाय येत," त्या म्हणाल्या. मी गेलो की लोक विचारतात, सही कुठं करू. पांडू गेला की खुर्ची पुसतात.

तरी सौ.ने त्याला निरोप धाडलाच. रविवारी तो आला. फरशीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

"वहिनी, कपडे कुठं वाळत घालता?"

"मागं पडवीत. खांबाला तार बांधलीय."

"अन्या, चल मागं."

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला अन्या म्हणणारा तालुक्यात हा एकच. त्याने खांबाला टेस्टर लावला. टेस्टर विझलेलाच राहिला. मला बरे वाटले, हे लिहायला हरकत नाही.

"मोटार चालू कर," तो म्हणाला.

मी पाण्याच्या मोटारीचे बटण दाबले. टेस्टर पेटला. बंद केले, विझला. पुन्हा चालू केले, पुन्हा पेटला.

"हळदीचा पाट कुठं मांडणार?"

मी बोट दाखवले. त्याच खांबापाशी. आमच्याकडे हळद उतरवताना नवरीला मागच्या पडवीत बसवतात, पाच सवाशिणी तांब्या-तांब्याने पाणी घालतात. सगळ्या अनवाणी. आणि पाणी कमी पडू नये म्हणून मोटार चालूच असते.

पांडूने हिरवी वायर हाताने चाचपत नेली. वाशिंदच्या वायरमनने जमिनीत खड्डा घेण्याचा आळस केला होता आणि अर्थिंगची वायर सरळ खांबाला आवळली होती. मोटारीतून गळणारा करंट त्या वायरने खांबात येत होता. आम्ही चपला घालून कोरड्या फरशीवर वावरत होतो म्हणून कोणाला कळले नाही. माझ्या तक्त्यात सत्ताविसावा प्रश्न आहे : अर्थिंग आहे का? मी लिहिले होते : हो. कुठे जोडले आहे, हे तक्ता विचारत नाही.

मी जाऊन मोटार बंद केली. तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली.

"काय भावजी, समदं बरोबर हाय ना?"

पांडूने माझ्याकडे पाहिले. "बरोबर हाय वहिनी. एक वायर ढिली होती, काढून दुसरीकडं नेतो."

त्याने मला वाचवले आणि मला तो आणखीच नकोसा झाला. चिडून ओरडला असता तर बरे झाले असते.

"अन्या, मीठ आण. पाच किलो. आणि कोळसा. ऑफिसची पँट हाय काय? असू दे, मळली तर वहिनी धुतील."

विहिरीकडच्या कोपऱ्यात त्याने खड्डा घेतला, पाइप पुरला, मीठ-कोळसा भरला, वायर तिथे नेली. मोटारीचीही गळती काढली. मोटार चालू करून दहा वेळा खांब तपासला, अकराव्या वेळी हाताने धरला. मग माझ्या नव्या मीटरपेटीवर खडू ओढला. मी दीडशे रुपये पुढे केले.

"लग्नघरात घेत नाय. नंतर दे."

हळदीला रुपाली त्याच खांबाला टेकून बसली होती, पिवळी, भिजलेली, हसत. "बाबा, बायकांत काय उभे राहिलात?" ती ओरडली. मी हललो नाही. शेवटचा तांब्या रिकामा होईपर्यंत खांबाकडे बघत राहिलो.

लग्नानंतर मी दोनशे बारा तक्ते काढून बसलो. सत्ताविसाव्या प्रश्नापुढे सगळीकडे हो. त्यांतली अकरा घरे त्याच वायरमनची निघाली. मी पांडूला फोन केला. दोन रविवारांत अकराही घरे पाहिली. तीन घरांत वायर खांबाला होती. प्रत्येक ठिकाणी खुर्ची त्याच्यासाठी आली आणि मी बॅटरी धरून उभा राहिलो. एका घरी म्हातारीने विचारले, "पांडूदादा, हे तुमचे मदतनीस का?"

"नाय गो आजी, हे मोठे साहेब हायत," तो म्हणाला. म्हातारीचा विश्वास बसला नाही.

उरलेली दोनशे एक घरे आम्ही रविवारी पाहतो. तक्त्यात नवा प्रश्न घालण्यासाठी संस्थेला पत्र दिले आहे. सुचवणारा म्हणून नाव माझेच लिहिले. आमच्या मीटरपेटीवरची खूण सौ. पुसू देत नाही.

पांडूचे दीडशे रुपये मी अजून दिलेले नाहीत.