गोलचक्करवर चूक माझी होती

वसुधाकाकूंची नोकरी माझ्यामुळे गेली.

चारचौघांत हे मी कधी बोलले नाही. आज लिहितेय, कारण काल दुपारी त्या वारल्या. नागपूरला, मुलीच्या घरी. तिचा मेसेज आल्यापासून मी घरात नुसती येरझाऱ्या घालतेय. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला.

१९७६ च्या आसपासची गोष्ट. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, साताऱ्याहून थेट चंदीगडला बदली. मी सातवीत, मुलींच्या सरकारी शाळेत.
गणितात लागोपाठ दोन टेस्ट नापास.

काकू समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. बी.एड. होत्या, पण काकांची दर तीन वर्षांनी बदली. कायमची नोकरी मिळणार कुठून? कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला गेलं की तेवढ्यापुरत्या त्या जागेवर काकू.
"मी म्हणजे स्टेपनी," हसत म्हणायच्या.

आमच्या गणिताच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि तीन महिन्यांसाठी काकू वर्गात आल्या.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "किताब बंद करो. कल घर से थाली, कटोरी, ढक्कन, जो गोल मिलेगा वो लेके आना."
त्यांचं नागपुरी हिंदी ऐकून पंजाबी मुली खुसखुसल्या. काकूही हसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाचं स्वयंपाकघर झालं होतं. प्रत्येक गोल वस्तूभोवती सुतळी गुंडाळायची, मग तीच सुतळी वस्तूवर मधोमध आडवी टाकायची. किती वेळा बसते?
थाळी असो की डबीचं झाकण, उत्तर एकच. तीन वेळा आणि वर थोडं.

मला गणितातलं काहीतरी कळलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. अंगावर काटा आला होता, खरंच.

माझ्या शेजारी बसणारी हरप्रीत मात्र हटून बसली. "मॅडमजी, छोटी चीज़ों में होता होगा. बाहरवाले गोलचक्कर में थोड़ी होगा!"
दुसऱ्या कुणी तिला गप्प बसवलं असतं.
काकू म्हणाल्या, "चलो. नापते हैं."

शाळेबाहेरच चौकात मोठं गोलचक्कर होतं. मधे हिरवळ, फुलांचे वाफे. काकूंनी स्वतः मधे उभं राहून सायकली, स्कूटर थांबवल्या आणि आम्हा तीस जणींना पलीकडे नेलं. हिरवळीवर उभं करून बजावलं, "मेरे बोले बिना कोई घास से नीचे नहीं उतरेगा."

मग दोर काढला. कडेकडेनं मोजत निघालो. दोराचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातून सुटून रस्त्यावर घरंगळलं.
मी उतरले. न विचारता. धावत.
"अरी रुक!" म्हणत हरप्रीत माझ्यामागे आली, आणि वळणावरून येणाऱ्या सायकलवाल्याची तिला धडक बसली.

मनगट मोडलं.

तिचे वडील शाळेत आले, आरडाओरडा झाला. प्रिन्सिपल मॅडमनी आम्हाला ओळीनं बसवून प्रत्येकीकडून लिहून घेतलं. मुलींना रस्त्यावर उतरायला कोणी सांगितलं?

मी लिहिलं, मॅडमनी सांगितलं.

बाबांच्या भीतीनं लिहिलं. बाकीच्या मुली सायकलवाल्याबद्दलच लिहीत बसल्या होत्या.
चौथ्या दिवशी काकूंना रिलीव्ह केलं. कागदावर शेरा होता, लापरवाही. त्यानंतर चंदीगडच्या एकाही शाळेनं त्यांना बोलावलं नाही.

मी त्यांच्या दारासमोरून जायचंच बंद केलं. मागच्या गल्लीनं लांबून जायची.
पंधरा दिवसांनी काकूच आमच्याकडे आल्या.
"काय करून राहिली तू? परीक्षा महिन्यावर आली ना. उद्यापासून व्हरांड्यात ये. हरप्रीत पण येते."

आई आत होती. मी जेमतेम म्हणाले, "काकू, मी खोटं लिहिलं होतं."
"माहीत आहे मला. सगळे कागद दाखवले होते मला. तुझं अक्षर ओळखते मी."
"रागावलात?"
"रागावले ना. अजून आहे राग. पण म्हणून तुला भूमिती यायला नको का?"

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपल मॅडमकडे जाऊन खरं सांगितलं.
त्यांनी ऐकून घेतलं. "अब तो फ़ाइल चली गई, बेटा. जाओ, क्लास में जाओ."
संपलं.

काकूंचा व्हरांडा मात्र बदली होईपर्यंत भरत राहिला. शाळेनं "ढ" ठरवलेल्या आठ मुली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून हरप्रीत डाव्या हातानं आकडे गिरवायची आणि माझ्यावर खेकसायची. आम्ही दोघीही पास झालो.
पुढे जिथे बदली होईल तिथे काकूंनी असाच व्हरांडा भरवला. शाळेत मात्र परत कधी पाऊल टाकलं नाही. काकूंची मुलगी फोनवर सांगत होती, वर्गाचा विषय निघाला की आई उठून आत जायची.

हे मला काल कळलं. कालपासून तेच डोक्यात घुमतंय.

लोक म्हणतील, तू लहान होतीस. होते. पण लिहिता येत होतं मला.

म्हणून आज पुन्हा लिहितेय, नीट. मॅडमनी आम्हाला हिरवळीवरच थांबायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. त्यांची काहीही लापरवाही नव्हती.

हरप्रीत, तुला हे हिंदीत वेगळं पाठवते, यार.

काकू, उशीर फार झाला. तुम्हाला वाकून नमस्कार. शांतपणे जा.