कबुतरांच्या वाट्याची डिस्क

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, समोरच्याच फ्लॅटमध्ये सिराज तांबोळी राहतात. हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर मालाची क्वालिटी तपासली. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, तेव्हा ते आमच्याकडे वळले. लिफ्टचं दार, वाण्याचा काटा, माझ्या स्कूटरचा आवाज, सगळं त्यांच्या मते नापास. असा माणूस शेजारी असला की सासूची उणीव भासत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोनं, कमरजहांभाभींनी फर्मान काढलं, की सिनेमांच्या डिस्कनी भरलेलं कपाट रमजानच्या आत रिकामं झालं पाहिजे. सिराजभाईंनी एकूण एक डिस्क विकत घेतलेली, चोरीचा माल घरात आणला नाही. त्यामुळे जीव अडकलेला. मग ठरलं, सगळ्या डिस्क आकार लहान करून कॉम्प्युटरवर उतरवायच्या. प्रश्न एवढाच, की सॉफ्टवेअर कोणतं?

पोरीसाठी स्थळं बघितली नसतील इतक्या चौकशीनं त्यांनी सॉफ्टवेअरं बघितली. एक फुकट होतं, पण चित्रावर स्वतःचं नाव छापायचं. दुसरं ओरखडा दिसला की तिथंच अडून पुन्हा पुन्हा वाचत बसायचं. "कामचुकार आहे," म्हणून तेही नापास. परीक्षेला एकच मारामारीचा सिनेमा. खलनायकाच्या मिशीचे केस सुटे दिसतात का, हे ते भिंगातून बघायचे आणि मला बोलावून विचारायचे, "अभयराव, फरक सांगा." मला काही दिसत नाही म्हटलं, की डोळे तपासून घ्यायचा सल्ला मिळायचा.

शेवटी एक पास झालं. 'फक्त मुख्य चित्रपट ठेवा' अशी त्यात सोय होती. जाहिराती, झलका, सगळा फापटपसारा बाहेर. वाया जाणाऱ्या मालाचा त्यांना भारी राग, त्यामुळे गडी खूश. सगळ्या डिस्क एका रांगेत उरकल्या आणि सोसायटीत वाटून टाकल्या. कारण पुण्यात जुनी डिस्क एकाच कामाची, बाल्कनीत टांगून कबुतरं हाकलायची. अर्थात आमची कबुतरं पुणेरी. ती त्या डिस्कमध्ये बघून पिसं नीट करतात.

पुढे भाभींच्या अब्बांची बरसी, म्हणजे पुण्यतिथी आली. नातीच्या, आलियाच्या लग्नानंतर लवकरच ते गेले होते, आणि त्यांचा आवाज त्याच कपाटातल्या लग्नाच्या डिस्कखेरीज कुठंच नव्हता. भाभींनी आम्हालाही बोलावलं. सिराजभाईंनी रुबाबात फाईल लावली. पडद्यावर लोक जेवू लागले. बिर्याणी संपली, मिठाई आली, पुढची पंगत बसली. निकाह नाही, बिदाई नाही, अब्बा तर नाहीतच.

डिस्कवरचा सगळ्यात लांब भाग तोच मुख्य चित्रपट, असं त्या सॉफ्टवेअरचं गणित. आणि आलियाच्या लग्नात सगळ्यात लांब चाललं ते जेवण.

भाभी रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "अहो, मिशी तेवढी छान बघितलीत." सिराजभाईंचा चेहरा बघवेना. मलाही फार वाईट वाटलं.

आम्ही बाल्कन्या पालथ्या घातल्या. डिस्क निघाली माझ्याकडेच, नायलॉनच्या दोरीला, उन्हानं फिकटलेली, कबुतरांनी यथासांग पूजा केलेली. सिराजभाईंनी ती बेसिनपाशी हलक्या हातानं धुतली, मऊ फडक्यानं टिपली. पास झालेल्या सॉफ्टवेअरनं बिदाईचा भाग वाचायला साफ नकार दिला. मग मुकाट्यानं त्यांनी तो नापास केलेला कामचुकार उघडला. तो अडला, पुन्हा वाचू लागला, परत अडला. दुपार गेली. कुणी उठलं नाही.

आणि चित्र आलं. तुटकं, चौकड्या-चौकड्यांचं. आलिया रडतेय, भाभी तिला धरून आहेत, आणि मागे सिराजभाई वाकून नवरदेवाच्या गाडीच्या चाकातली हवा तपासतायत. अब्बांचा चेहरा नीट दिसेना, पण हडपसर खेडं होतं तेव्हापासून तिथं राहिलेला त्यांचा गावरान आवाज खणखणीत आला.

"आरं सिराज, टायर बघाय ड्रायव्हर हाय की. पोर निघाली, तिच्याकडं बघ."

भाभी हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. सिराजभाईंनी त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं फाईल तयार झाल्याची खूण आली. ती फाईल केवढी झाली, हे त्यांनी तपासलंच नाही.