लांबवलेली गूळतुला

मैलारचा मल्लण्णा आमचं कुलदैवत. त्याचा एक नवस फेडायचा राहिला होता आणि तो मीच मुद्दाम लांबवत होते. नवस माझा नव्हता, सासूबाईंचा होता. हैदराबादला माझं पोटाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी त्या कमठाण्याला घरीच होत्या. देवघरातल्या टाकापुढे बसून त्या म्हणाल्या, "माझी सून पायानं चालत घरला येऊ दे, तिच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन." मी चालत घरी आले. जिना चढले. पुढे दोन महिन्यांनी शाळेतही रुजू झाले. देवानं त्याचा शब्द पाळला होता, आता पाळी आमची होती. आणि मी दर महिन्याला नवीन सबब काढत होते.

ऑपरेशन कसलं, ते आधी सांगते. माझं वजन शंभरच्या बरंच वर गेलं होतं. साखरेचा आजार जडला होता, गुडघे बोलत होते, झोपेत श्वास अडकायचा आणि हे दचकून उठून बसायचे. ह्यांच्या कोळारच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी हैदराबादच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. जठर लहान करून आतडं वेगळ्या जागी जोडायचं, म्हणजे माणूस थोडंच खाऊ शकतो, असं ते ऑपरेशन. त्याचं इंग्रजी नाव मला धड उच्चारता यायचं नाही, म्हणून गावात आम्ही नुसतं पोटाचं ऑपरेशन म्हणायचो आणि लोक आपापल्या परीनं काय ते समजून घ्यायचे. निघताना तिथल्या आहाराच्या बाईंनी दख्खनीत बजावलं होतं, "अम्मा, थोडा थोडा खाव, चबाके खाव, मीठा बिल्कुल नक्को." गोड खाल्लं की पोटातून ते एकदम खाली उतरतं, घाम फुटतो, छाती धडधडते. एकदा बर्फीच्या तुकड्यावर मी तेही अनुभवून घेतलं.

पहिले सहा महिने वजन असं उतरलं की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. ब्लाउज आत घ्यायला टाकले. शाळेतल्या हाताच्या खुर्चीत मी बसू लागले, तिच्यात याआधी कधी बसले नव्हते. मग एकाएकी काटा थांबला. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे मी वजनाचं यंत्र ठेवलं होतं. सकाळी चढायची, संध्याकाळी चढायची, कधी मधल्या सुट्टीत घर जवळ म्हणून पळत येऊन चढायची. काटा हलला तर दिवस चांगला. नाही हलला तर वर्गातल्या पोरांची खैर नसायची. ज्या देवाला जन्मभर मुलंबाळं, पाऊसपाणी मागितलं, त्याच्यापुढे आता माझी एकच मागणी होती, काटा खाली येऊ दे.

गूळतुला का लांबवली, ते आता कळलं असेल. आमच्याकडे गूळतुला म्हणजे चारचौघांत मोठ्या तराजूत बसायचं आणि समोरच्या पारड्यात ढेपा चढत जाताना सगळ्यांनी मोजत राहायचं. लग्नात उखाणा घेताना मागून कुणी माझ्या जाडीवरून काय म्हणालं होतं ते मी विसरले नव्हते. मला वाटायचं, अजून थोडं उतरू दे, मग बसू. श्रावणात म्हटलं दसऱ्यानंतर, दसऱ्यात म्हटलं दिवाळी होऊ दे. माझी जाऊ तोंडाची फटकळ, ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अक्का, देवाचा गूळ कमी करायलाव व्हय?" सगळे हसले, मीही हसले. पण ते खरंच होतं आणि मला ते झोंबलं.

थांबलेला काटा हलवायचा म्हणून मी खाणं तोडायला लागले. आधीच वाटीभर खायचं, त्यातलं निम्मं मागे सारायचं. अंडं बंद केलं, वरण बंद केलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी मळमळायचं, त्याही राहू लागल्या. भुकेची मला भीती वाटेना, जेवणाची वाटू लागली. ताटाकडे बघितलं की हे सगळं अंगावर परत येणार, साखर परत येणार, ते श्वास अडकणं परत येणार, असंच मनात यायचं. केस फणीत भरून येऊ लागले. फळ्यावर लिहिताना एकदा अंधारी आली आणि मी खडूसकट भिंतीला टेकले. सासूबाईंचं लक्ष होतं. "सुकायलीस गं पोरी, कामून न्हाई जेवलीस?" त्या रोज विचारायच्या आणि मी म्हणायची, जेवले की शाळेत. काटा मात्र जागचा हलत नव्हता. एवढं उपाशी राहूनही का हलत नाही, हे मला समजेना आणि मी देवावर चिडले. इतक्या लोकांच्या इतक्या इच्छा पुऱ्या करतोस, माझ्याच वेळी तुझा हात का आखडतो, असं मी त्याला चक्क विचारलं.

दिवाळीनंतर सासूबाई हट्टाला पेटल्या. "मी मेल्यावर फेडशील व्हय नवस?" म्हणाल्या, आणि पुढचा रविवार त्यांनी परस्पर ठरवूनच टाकला. धाकटे दीर पुण्याला कंपनीत लागले होते, ते नेमके सुट्टीवर आलेले. त्यांनी भालकीच्या एका अडतीतून पोती तोलायचा साखळ्यांचा मोठा तराजू मिळवला. माझ्या हाताशी एवढाच उपाय उरला, की शनिवार सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मल्लण्णाचा उपास धरलाय असं सांगितलं. सासूबाई इतक्या सुखावल्या की त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलं. त्यांचा तो आनंद बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी खाल्लं नाही.

मैलारला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दर्शन झालं. कपाळ भंडाऱ्यानं पिवळं झालं. देवळाबाहेर एका जुन्या चिंचेच्या फांदीला दिरांनी तराजू टांगला. एक पारडं जमिनीला टेकलेलं, त्यावर घोंगडी अंथरलेली. मी मांडी घालून बसले. समोर ढेपा चढू लागल्या. येणारेजाणारे थांबले, बघता बघता घोळका जमला आणि कुणीतरी हौसेनं मोजायलाही लागलं. मी डोळे मिटून घेतले. मल्लण्णाचं नाव घ्यावं म्हटलं तर ते तोंडात येईना, मनात नुसता तो आकडा. मग कानात वाऱ्यासारखा आवाज भरला, हातपाय गार पडले, आणि मी कशी कलंडले ते मला आठवत नाही.

डोळे किलकिले झाले तेव्हा माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं. भोवती सगळे एकदम बोलत होते. जावेच्या हातात नवसाच्या ढेपेतला गुळाचा खडा होता आणि तो ती माझ्या ओठाशी आणत होती. चक्कर आलेल्याला आपण गूळच देतो, तिचं काही चुकलं नव्हतं. मला मात्र ओरडून सांगायचं होतं की नको, आणि आवाज फुटत नव्हता. एवढ्यात जिच्या मांडीवर माझं डोकं होतं त्या बाईनं जावेचा हात धरला.

"नवसाचा गूळ हाय न्हवं? देवाम्होरं ठेवल्याबगर तोंडात घालायचा न्हाई," ती म्हणाली. "आधी त्याचा, मग माणसाचा."

सासूबाईंना ते एकदम पटलं. जाऊ ओशाळून मागे सरली. त्या बाईला माझ्या ऑपरेशनची काहीएक माहिती नव्हती, असायचं कारणही नव्हतं. ती आपली रीत सांगत होती. पण त्या पोकळ पोटात तो खडा गेला असता तर माझं आणखी काय झालं असतं, हे मला ठाऊक होतं.

साठीची असेल. हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. आमचीही माणसं दोन पिढ्यांमागे मेंढरांमागेच फिरायची, त्यामुळे तो वास मला परका वाटला नाही. बोलण्यात मधूनच तेलुगू यायचं, त्यावरून औरादकडची असावी. तिनं आपलं गाठोडं सोडलं. त्यातल्या डब्यात ताकातली ज्वारीची अंबील होती, मिठाची, पातळ, गार. पितळी वाटीत ओतून तिनं ती वाटी माझ्या तोंडाला लावली. एक घोट झाला की ती गोष्टीला लागायची. तिची थोरली लेक कशी कोहिनूर गावात दिली, जावई कसा आळशी, लेकीनं त्याला कसा सुतासारखा सरळ केला. बोलता बोलता हसू आलं की हात थांबायचा, आणि माझा पुढचा घोट तोवर लांबायचा. तिला घाई नव्हती. मी पण तिच्या त्या आळशी जावयात इतकी रमले की अंबील पोटात जातेय, तिनं वजन वाढेल, हे डोक्यात आलंच नाही. कित्येक आठवड्यांत मी भीतीशिवाय काही गिळलं नव्हतं. वाटी अर्धी झाली आणि मी मान हलवली. "बास? बरं, बास," ती म्हणाली आणि उरलेली अंबील तिनं स्वतः पिऊन टाकली.

हे म्हणाले, राहू दे आज, घरी जाऊ. सासूबाईंचा चेहरा मात्र गूळतुला अर्धी राहिली म्हणून उतरला होता. मी म्हटलं, बसते. उपास मोडून, अंबील पिऊन मी परत पारड्यात बसले. किती ढेपा झाल्या ते या खेपेला मी ऐकलं नाही. ऐकायचं नाही असं ठरवलं वगैरे नव्हतं. अंगात थोडी ऊब आली होती, चिंचेचा पाला हलत होता, आणि मी फक्त थकले होते. मनात म्हटलं, मल्लण्णा, माझ्यानं हे आता धरवत नाही, तू बघ.

आणि पारडं जमिनीवरून उचललं गेलं.

वीतभरच. साखळ्या करकरल्या आणि मी अधांतरी झुलले. लहानपणी कुणी कडेवर घेतलं असेल, ते मला आठवत नाही. कळत्या वयापासून मला कुणी म्हणून उचललं नव्हतं. खेळताना नाही, लग्नात नाही, दवाखान्यात चार जणांनी सरकवलं ते कुरकुरतच. आता मी आहे तेवढीच होते, एक तोळाही कमी नाही, आणि तशीच्या तशी उचलली गेले होते. मी सगळ्यांदेखत रडले. लोकांनी येळकोटाचा गजर केला, भंडारा उधळला, तो डोळ्यांतल्या पाण्यात कालवला गेला आणि पदर पिवळा झाला. सासूबाई खाली वाकून पारड्याखालच्या जागेला हात लावून नमस्कार करत होत्या.

गूळ देवापुढे ठेवून वाटायला घेतला तेव्हा पहिला खडा त्या बाईला द्यावा म्हणून आम्ही वळलो, तर ती नव्हती. जावेनं तिला जीपमध्ये चढताना पाहिलं होतं, सोबत तीन-चार बायका होत्या. घरी येईस्तोवर सासूबाईंचं मत पक्कं झालं की ती बाणाईच. देवाची धनगरीण राणी, ती आपल्या माहेरच्या माणसाला कशी विसरेल? जीपमध्ये बसून गेली म्हटलं तर म्हणाल्या, "आताच्या काळात बाणाईनं पायीच जावं व्हय?" मी यावर वाद घातला नाही. मला ती औरादकडची मेंढरंवाली बाई वाटते, आणि तिला कुणी पाठवलं असेल असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं आणि त्यात मला काही अडचण येत नाही.

त्या आठवड्यात आम्ही हैदराबादला गेलो. डॉक्टर रागावले. खाणं तोडल्यानं अंग आहे ते धरून ठेवतं, केस त्यानंच गळतात, गोळ्या चुकवायच्या नाहीत, अंडं, डाळ, दही रोज हवंच. मी पहिल्यांदाच उलट काही न बोलता ऐकून घेतलं. वजनाचं यंत्र जावेच्या हवाली केलं आणि महिन्यातून एकदा मागायचं ठरवलं. जेवायला सासूबाईंजवळ बसू लागले. त्यांचं बोलणं लांबलचक, गावभराचं. पूर्वी मी कंटाळायची. आता त्यांच्या एकेका बातमीला माझा एकेक घास होतो. वजन पुन्हा उतरू लागलं, पण आता सावकाश. एखाद्या महिन्यात तसूभरही हलत नाही. तेव्हा अजूनही ताट मागे सारावंसं वाटतं, नाही म्हणणार नाही. मग मी मल्लण्णाला सांगते, माझ्याकडे वाटी आहे, काटा तुझ्याकडे. आणि जेवायला बसते.

आता वर्ष उलटलंय. परवाच्या चंपाषष्ठीला मैलारला पंगतीत बसले होते. भाकरीचा चतकोर, वांग्याचं भरीत, वाटीत वरण. सावकाश खाल्लं. वाढणारी बाई दुसऱ्या फेरीला आली आणि माझं ताट बघून थबकली.

"एवढ्यात झालं? घ्या की अक्का, लाजायलाव कामून?"

मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हटलं, "नको, पोट भरलं." पाहुण्यांकडे, लग्नात, सणावारी हे वाक्य मी जन्मभर म्हणत आले होते आणि घरी येऊन परत जेवले होते. ती पुढे सरकली. माझा हात तसाच ताटावर राहिला, कारण माझ्या लक्षात आलं की आज मी ते खरं बोलले होते.