ब्राह्मीचा गुण

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, नेवाशात, चांगुणाला तिचा नवरा विसरला. आधी चपला कुठं काढल्या ते विसरायचा, मग जेवलेलं विसरायचा. एके सकाळी तिनं भाकरी पुढं ठेवली तर म्हणाला, "बसा बाई. तुमी कोनच्या गावच्या?"

सूर्यभानच्या तोंडून 'बसा' ऐकायचं म्हणजे नवलच. उभ्या जन्मात त्यानं तिला 'ए' पलीकडं हाक मारली नव्हती, आणि भाकरी करपली की हात आधी चालायचा, तोंड मागून. आता तो तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरायचा, डोक्यावरचं ओझं उतरवू लागायचा. दुसरी कुणी असती तर देवापुढं नारळ फोडून गप्प बसली असती. चांगुणाला ते सोसेना. ज्याच्या नावाचं कुंकू लावायचं तोच परक्या बाईशी बोलावं तसं बोलतो, हे तिच्या जिवाला लागलं. त्यानं आपल्याला बायको म्हणून ओळखावं, एवढाच ध्यास तिनं घेतला.

वैद्यबुवांनी सकाळी ब्राह्मीचा रस सांगितला आणि दुधातून मालकांगोणीच्या तेलाचे थेंब. तेल अकोल्याच्या डोंगरातनं यायचं, ते बुवा देत. ब्राह्मी तिनं आणायची. प्रवरेकाठच्या ओलीत वाकून ती पाला खुडायची, वाटायची, फडक्यातून पिळायची. तो कडू रस सूर्यभान निमूट प्यायचा आणि वर म्हणायचा, "लई कष्ट घेता बाई माज्यासाठी." ते ऐकून ती सुखावायचीही आणि जळायचीही.

पावसाळा सरला तरी गुण येईना. बुवा म्हणाले, नुसत्या रसानं भागायचं नाही, त्याचं नाव तुमच्या तोंडून त्याच्या कानावर पडू द्या. चांगुणानं नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. पुढं सूर्य उगवला म्हणायची वेळ आली तरी ती 'दिवस उगवला' म्हणायची.

शेवटी तिनं मन घट्ट केलं. रस पाजला, पदर सारखा केला आणि त्याच्या पुढ्यात बसली.

"तुमी सूर्यभान. माजं मालक."

त्यानं वर बघितलं. डोळ्यांत ओळख आली, खरीच आली. तिला हुंदका फुटणार, तोच कानाखाली बसली.

"नवऱ्याचं नाव घेतीस? लाज न्हाई वाटत, ए?"

औषध लागू पडलं होतं. आणि गाल धरून बसलेल्या त्या खुळीला आधी आनंदच झाला, की ओळखलं. मग त्या आनंदाचीच तिला शिसारी आली.

दुपारपर्यंत तो पुन्हा विसरला. तिचा सुजलेला गाल बघून कळवळला.

"कुनी मारलं बाई तुमाला?"

"हुता एक," चांगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती ब्राह्मीला गेली नाही.